दोर धरणारा माणूस

चष्म्याच्या दुकानात मालक पुढे बसायचा आणि तो मागे. पुढे आरसे, गुळगुळीत काउंटर, गोड बोलणं. मागे एक खिडकी, पाणी ठिबकत राहणारं घासायचं चाक आणि तो. गोल काच फ्रेमच्या मापाची करायची, तिच्या कडा मारायच्या, बसवायची, पुसायची आणि पुढे सरकवायची. लोकांना स्पष्ट दिसू लागलं की ते मालकाचे आभार मानायचे. त्यावर त्याची तक्रार नव्हती. त्याचा जीव तिथे नव्हताच मुळी.

जीव होता घरी, खिडकीजवळच्या टेबलावर. दुकानातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर त्याने उचलून आणला होता आणि त्यावर तो खेळ बनवायचा. खेळायचा नव्हे, बनवायचा. हा फरक शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावता समजावता बायकोच्या तोंडाला फेस आला. "नाही हो, गेम खेळत नाहीत ते. खेळले असते तर बरं झालं असतं, निदान कधीतरी कंटाळले असते."

पहिल्या खेळात एक मांजर होतं. चष्म्यांनी भरलेल्या फळ्यांवरून ते एकही चष्मा न पाडता पलीकडे जायचं, एवढंच. आधी त्याने त्याच्या सीड्या केल्या आणि गिऱ्हाइकांच्या पिशवीत काच पुसायच्या फडक्याबरोबर सरकवल्या. मालकाला पत्ता लागला तेव्हा त्या बंद झाल्या. मग कळलं की आपल्यासारखे वेडे जगात भरपूर आहेत. घरी केलेले खेळ फुकट ठेवायची त्यांची एक साइट होती. तिथे नाव द्यावं लागायचं. बायको त्याला बिनपगारी फुल अधिकारी म्हणायचीच, म्हणून त्याने तिथे 'बिनपगारी' असं घातलं. पुढे घरातही तेच चिकटलं.

"लष्कराच्या भाकऱ्या निदान लष्कर तरी खातं," बायको म्हणायची. "तुमच्या कोण खातं?"

एकदा कुणा अनोळखी माणसाने लिहिलं, 'तुमचं मांजर तिसऱ्या फळीवर भिंतीत शिरतं आणि परत येत नाही.' बिनपगारी दिवसभर हवेत होता.

"अहो, चूक काढलीय त्याने तुमची!"

"म्हणजे तिसऱ्या फळीपर्यंत गेला ना तो!"

त्याच्या वडिलांना मात्र हे सगळं म्हणजे टिकटिक वाटे. "चालू झाली का टिकटिक?" एवढंच ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता आंघोळीला जायचे. ते बांधकामांवर उंच क्रेन चालवायचे. लहानपणी आईने त्याला रस्त्यावर उभं करून आभाळातला एक ठिपका दाखवला होता. "ते बघ तुझे बाबा." त्याने हात हलवला. ठिपक्याने काही हलवला नाही. पुढे आई गेली, तो मोठा झाला, बाबा आभाळातून उतरून निवृत्त झाले, तरी दोघांमधलं अंतर साधारण तेवढंच राहिलं. भांडण नव्हतं. फक्त एक जण फार वर होता आणि दुसरा फार खाली.

मग एका सकाळी बाबांच्या हातातून चहाचा कप निसटला. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला आणि हात पुढे गेलाच नाही.

झटका उजव्या बाजूला आला होता. वाचा वाचली, पाय काठीच्या आधाराने परत आला, हात मात्र मांडीवर पडून राहिला. दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला ठेवल्यासारखा. व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्या स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. बिनपगारीला दाराशी घेऊन म्हणाल्या, "हे पहिले महिने महत्त्वाचे. आत्ता बोटं जेवढी उघडतील तेवढीच त्यांची. एकदा हात आखडला की मी काय, कोणीच काही करू शकणार नाही."

त्यांनी एका वाटीतली बटणं दुसऱ्या वाटीत टाकायला दिली होती. बाबांनी वाटीकडे बघितलं. "मी अख्खे जिने उचलून इमारतीच्या डोक्यावर ठेवलेत. आता बटणं वेचू?" त्यांनी डाव्या हाताने वाटी बाजूला सारली. रोज सारायचे.

बिनपगारीला जगात एकच गोष्ट करता येत होती. ती त्याने केली. एका मोडक्या जॉयस्टिकला जाड लाकडी दांडा बसवला आणि क्रेनचा खेळ लिहिला. वर केबिन, खाली लोंबणारा दोरखंड, टोकाला हूक, हुकाला पेटी. पेटी उचलायची, भिंतीपलीकडे न्यायची, खुणेवर ठेवायची. आपटली तर फुटते. फुटण्याचा आवाज त्याने दुकानातल्या फुटक्या काचा पत्र्याच्या ट्रेमध्ये ओतून घेतला होता. त्याचा त्याला फार अभिमान होता.

बाबांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. "हे काय आहे?"

"क्रेन."

"ही क्रेन? हा भार आहे का घड्याळाचा लंबक? बूम, हा क्रेनचा लांब हात, थांबली तरी भार पुढे जातो रे, लगेच मागे नाही येत. आणि वारा कुठाय? बिनवाऱ्याची हवा तुमच्या दुकानात असेल. वर नसते."

"सांगा, कसं पाहिजे."

बाबा सांगू लागले. दर रविवारी सकाळी ते खुर्चीत बसून सांगायचे आणि तो टाइप करायचा. भार उचलताना आधी दोर ताणून घ्यायचा, एकदम हिसडा द्यायचा नाही. झोका थांबवायचा तर झोक्याच्या मागे जायचं, समोरून अडवायचं नाही. बायको कपड्यांना इस्त्री करता करता ऐकायची. नवऱ्याशी सासरे इतकं बोललेले तिने पहिल्यांदाच बघितले. "टिकटिकीला दिवस चांगले आलेत," ती म्हणाली. बाबा हसले. अर्धंच, कारण हसणंही तेव्हा एका बाजूनेच यायचं.

आणि मग त्यांनी उजवा हात दांड्यावर ठेवला. डाव्याने उचलून ठेवला, पण ठेवला.

हात थरथरला, भार भेलकांडला, पेटी भिंतीवर आपटली. काचांचा खळकन आवाज झाला. पुन्हा केलं, पुन्हा खळकन. बाबांचा चेहरा पहिल्या वेळी जसा होता तसा दुसऱ्या वेळी नव्हता. तिसऱ्या वेळी त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. आपण इतक्या हौसेने घेतलेल्या आवाजाचा बिनपगारीला आयुष्यात पहिल्यांदा तिटकारा आला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर येऊन त्याने खेळात चार ओळी घातल्या. दांडा किती थरथरतोय हे खेळ बघणार आणि तेवढा झोका गुपचूप पोटात घालणार. हात कापला तरी भार स्थिर. बाहेरून काही दिसायचं नाही. साइटवर तो खेळ आधीच ठेवला होता, त्यात मात्र त्याने या ओळी घातल्या नाहीत. तिथले लोक लगेच म्हणाले असते, हा खेळ आपोआपच जिंकतो. एक प्रत जगाची, एक घरची. बायकोलाही त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

घरच्या प्रतीने कमाल केली. बाबांची पेटी खुणेवर जाऊन अलगद बसू लागली. ते सकाळी उठून स्वतःच खुर्चीशी जायचे. जिंकायची चटक लागल्यावर वाटीतली बटणंसुद्धा वेचू लागले. एक दिवस शर्टाचं वरचं बटण त्यांनी स्वतः लावलं, वेळ लागला, पण लावलं. व्यायामाच्या बाई खूश झाल्या. बिनपगारी मनात म्हणाला, चार ओळी खोट्या, पण बटण तर खरं आहे ना. असा हिशेब करणारा माणूस सहसा पुढचा हिशेब करायला विसरतो.

बाबांनी शिट्टीला फोन लावला.

शिट्टी म्हणजे त्यांचा आयुष्यभराचा जोडीदार. बाबा वर केबिनमध्ये, हा खाली जमिनीवर. वरून न दिसणाऱ्या कोपऱ्यात भार कुठे जातोय ते तो हाताच्या खुणांनी सांगायचा, लागेल तिथे भाराला बांधलेला दोर धरून त्याला वळण द्यायचा आणि लोक मधे आले की शिट्टी मारायचा. तेच त्याचं नाव झालं.

"ये रविवारी," बाबा फोनवर म्हणाले. "हात दाखवतो तुला."

शिट्टी आला तो जावयाचा लॅपटॉप बगलेत मारून. "तुझ्या पोराचा खेळ उतरवून घेतलाय मी यात. जावई दिवसरात्र पेट्या फोडतोय. म्हटलं, खरा क्रेनवाला दाखवतो तुला, थांब." त्याने लॅपटॉप टेबलावर उघडला आणि दांड्याची वायर काढून त्याला जोडली.

बिनपगारी स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होता. त्याने ते बघितलं आणि दारातच थांबला. "बाबा, आपल्या कॉम्प्युटरवरच दाखवा ना. तो... तो मोठा आहे."

"लहान काय, मोठा काय. क्रेन ती क्रेन." बाबांनी बाह्या सावरल्या. "बघ रे शिट्टी."

भार उचलला गेला आणि भेलकांडला. पेटी भिंतीवर आपटली.

"वारा सुटला वाटतं," शिट्टी म्हणाला.

पुन्हा तेच झालं.

"अरे, सकाळी चहाच्या आधी काही घेतलंस का?"

तिसरी पेटी फुटली. शिट्टी आपल्या चपलांकडे बघू लागला. बाबांनी वायर काढून घरच्या कॉम्प्युटरला जोडली. तिथे भार उचलला. तो ओळंब्यासारखा सरळ राहिला. त्यांनी मुद्दाम हात हलवला, भार हलला नाही. त्यांनी दांड्यावरून हात काढला आणि बराच वेळ त्या स्थिर पेटीकडे बघत राहिले.

मग मान न वळवता विचारलं, "दोर कोणी धरलाय?"

शिट्टीने बिनपगारीकडे बघितलं.

"भार असा थांबत नसतो. खाली कोणीतरी दोर धरलाय. कोणी धरलाय?"

"मी," बिनपगारी म्हणाला. चहा त्याच्या हातात तसाच होता.

बाबा काठी घेऊन उठले आणि आत जाऊन पडले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून खुर्ची रिकामी राहिली. वाटी पुन्हा बाजूला सारली गेली. वरचं बटण उघडंच राहू लागलं, सून लावायला गेली तर ते मान फिरवायचे. व्यायामाच्या बाईंनी बोटं उलगडायचा प्रयत्न केला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मागे चाललंय. काय झालं मध्ये?" बिनपगारीने त्यांच्यासाठी दार उघडलं. बायकोने मात्र रविवारी सगळं बघितलं होतं.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"तू काय केलं असतंस?"

"नको म्हटलं असतं. म्हणून नाही सांगितलंत."

तो काही वेळ सॉरी म्हणायची वाक्यं जुळवत राहिला. बाबांच्या दारापर्यंत जायचा आणि पाणी हवंय का, असं विचारून परत यायचा.

काही दिवसांनी शिट्टी दुकानात आला. म्हणे काच सैल झाली. काच चांगली घट्ट होती. मालक गिऱ्हाइकात होता, म्हणून तो सरळ मागच्या खोलीत येऊन पाण्याच्या बादलीशेजारी स्टुलावर बसला.

"बाप बोलतो का?"

"नाही."

"बोलणार नाही." शिट्टीने चष्मा काढून शर्टाला पुसला. "एक सांगतो. आमच्याकडे एक होता, भला माणूस. एकदा भार हेलकावे खात होता. ह्याने बघितलं आणि भिंतीआडून येऊन दोर धरला. बरं करायला गेला बिचारा. पण वरून तुझ्या बापाला तो दिसत नव्हता आणि मला खालून दिसत नव्हता. बापाला वाटलं, भार आपल्या हाताने थांबलाय. म्हणून त्याने बूम फिरवली. तो दोरासकट भिंतीत चेपला. जगला, पण कामाचा राहिला नाही. तुझा बाप कितीतरी दिवस वर चढला नव्हता."

चाक रिकामंच फिरत होतं. बिनपगारीने ते बंद केलं.

"मी त्यांना मदत..."

"मदत कर की! मदत नको असं कोण म्हणालं? मी एवढी वर्षं खाली उभा राहून काय भाजी निवडत होतो?" शिट्टीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "पण मी दिसायचो रे त्याला. हात वर केला की दिसायचो. त्याने सांगितलं तरच दोर धरायचो. बस, एवढाच फरक आहे." तो उठला. "काच छान बसवलीस हां," असं पुढे बसलेल्या मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून गेला.

बिनपगारीने त्या चार ओळी पुसल्या. त्यांच्या जागी त्याने एक माणूस काढला. चित्रकलेत तो यथातथाच होता, त्यामुळे माणूस म्हणजे मोजके चौकोनच. पिवळं हेल्मेट, निळी विजार, गळ्यात शिट्टीचा पांढरा ठिपका. दांड्यावर त्याने एक बटण बसवलं, ते दाबलं की तो पुढे येऊन दोर धरायचा आणि भार शांत व्हायचा. सोडलं की दोर सोडून हात मागे बांधून उभा राहायचा. बटण दाबलं नाही तर तो काहीच करायचा नाही. फक्त दिसायचा. दोन प्रतींची भानगड त्याने संपवली. हीच घरात, हीच साइटवर.

खेळ चालू करून, पेटी उचललेली ठेवून तो दुकानात गेला. बाबांना काही सांगितलं नाही. दोन-तीन दिवस तो असंच करत राहिला. संध्याकाळी परत यायचा, तर पेटी तशीच लोंबत असायची आणि माणूस तसाच उभा. बाबा खोलीतून येता-जाता तिकडे बघतही नव्हते.

शेवटी सुट्टीच्या दिवशी दुपारी बायकोचा धीर सुटला. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, हा बघा, कधीचा नुसता उभा आहे मेला. काही काम तरी सांगा त्याला."

"कोण?"

"हा, पिवळ्या टोपीचा. पेटीखाली."

काठीचा आवाज झाला. बाबा इतक्या लगबगीने आले की बिनपगारी घाबरून उठला.

"कुठे उभा केलायस त्याला?" ते ओरडले. "भाराखाली? लोंबत्या भाराखाली माणूस उभा करतात? अक्कल आहे का तुला?"

आणि खरंच, पेटी बरोब्बर त्या माणसाच्या डोक्यावर लोंबत होती. बिनपगारीला जागा मोकळी दिसली, म्हणून त्याने माणूस तिथे ठेवला होता. काचा घासणाऱ्याला हे कसं सुचावं? मुद्दाम केलं असतं तर ते त्याला जमलंही नसतं.

"बाजूला घे त्याला!" बाबा म्हणाले.

"तो हलत नाही, बाबा. बटण दाबलं तर दोर धरायला पुढे येतो, तेवढंच."

"मग तो तिथेच राहणार? आणि भार वर?" बाबा खुर्चीत बसले. काठी खाली पडली, कोणी उचलली नाही. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी दांड्यावर ठेवला.

हात पहिल्यापेक्षा वाईट होता. भार एकदा डावीकडे गेला, तसाच झुलत परत त्या पिवळ्या टोपीवर आला. बायकोने घडीतला शर्ट छातीशी धरला. बिनपगारी पुढे झाला, त्याचा हात आपोआप दांड्याकडे गेला.

"हात लावू नकोस."

तो मागे सरला.

बाबांनी समोरून अडवलं नाही. झोका गेला तसे त्याच्या मागे गेले, थोडे, मग आणखी थोडे. कपाळावर घाम आला. बोटं दांड्यावर पांढरी पडली होती. पेटी टोपीवरून सरकली, भिंतीला घासली, पण फुटली नाही. माणूस मोकळा झाला. बाबा मोठा श्वास घेऊन मागे टेकले. पेटी अजून झुलत होती आणि खाली ठेवायची बाकी होती.

ते पडद्याकडे बघत राहिले. माणूस हात मागे बांधून उभा होता.

"बटण कुठलं?"

बिनपगारीने दाखवलं. बाबांचा अंगठा तिथवर जायला वेळ लागला.

"धर रे," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. चौकोनी माणूस पुढे आला, त्याने दोर धरला. पेटी शांत झाली, खाली आली, खुणेवर टेकली. कुठेही खळकन आवाज झाला नाही.

"उद्या त्याला त्या बाजूला ठेव," बाबा म्हणाले. "केबिनमधून मला दिसेल असा. भाराखाली कधीच नाही."

"हो, बाबा."

"आणि त्याची विजार खाकी कर. शिट्टीने जन्मात निळी घातली नाही."

बाबांची बोटं पुरती कधीच उघडली नाहीत. शेवटची दोन तळव्यातच राहिली आणि व्यायामाच्या बाईंनीही पुढे ते मान्य केलं. वरचं बटण काही दिवस ते स्वतः लावत, काही दिवस सुनेपुढे मान वर करून उभे राहत. कोणता दिवस कुठला, हे तेच सांगत. साइटवर कुणीतरी लिहिलं की तो पिवळ्या टोपीचा माणूस काढून टाका, त्याने खेळ सोपा होतो. बिनपगारीने पहिल्यांदाच कुणाचं ऐकलं नाही.

रविवारी शिट्टी येतो. बाबा दांड्याशी बसतात, हा शेजारी. कितीतरी पेट्या फुटतात आणि आता त्या आवाजाला कोणी दचकत नाही. अंगठा कधी बटणापर्यंत जातो. कधी तिथवर जाऊन थांबतो आणि मागे येतो. तेव्हा भार एकट्याचा असतो. झुलतो, भेलकांडतो, हळूहळू खाली येतो. पलीकडे, खाकी विजारीतला माणूस हात मागे बांधून उभा असतो, केबिनमधून नीट दिसेल असा. आणि खुर्चीमागे, टेबलाला हात न लावता, बिनपगारी.